प्रोटॉन कोणी नेला?

संशोधनासाठी नॉर्वेला आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या हाती रुथेनियम या धातूचे एक हायड्राइड आले. धातूभोवती फॉस्फीन लिगंड (धातूला जोडलेले, फॉस्फरस असलेले रेणू) आणि धातूला थेट जोडलेला एक हायड्रोजन, अशी त्याची रचना होती. फेरोसिनियम क्षार हा इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पदार्थ वापरून त्यातील इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे आणि नंतर उरते काय ते पाहायचे, एवढेच काम होते. ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हवाबंद पेटीत, अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकातील द्रावणात फेरोसिनियमचा गडद निळा थेंब पडला की निळा रंग क्षणात नाहीसा होऊन फेरोसीनचा पिवळा रंग पसरतो. हे दृश्य मी कितीही वेळ पाहू शकते.

अडचण हिशेबात आली. प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन निघावेत, हायड्रोजन प्रोटॉन होऊन सुटावा आणि रिकाम्या जागी अ‍ॅसिटोनायट्राइल बसावे, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एकास एक प्रमाण गाठताच निळा रंग टिकून राहू लागला. एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूंची रचना दाखवणाऱ्या चाचणीत, निम्मे रुथेनियम अपेक्षित रूपात होते, पण उरलेल्या निम्म्यावर एकाऐवजी दोन हायड्रोजन दिसत होते. क्षार अशुद्ध असेल असे समजून मी तो दोनदा नव्याने तयार केला. आकडा हलला नाही. तेव्हा मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, “प्रोटॉन कोणी नेला?”

उत्तर समोरच होते. इलेक्ट्रॉन गमावलेले हायड्राइड अतिशय प्रबळ आम्ल बनते आणि द्रावणात अजून शाबूत असलेले हायड्राइडच आम्लारी म्हणून त्याचा प्रोटॉन स्वीकारते. अशा रीतीने निम्मे रेणू दोन-दोन इलेक्ट्रॉन देतात आणि उरलेले निम्मे प्रोटॉन घेऊन बाजूला होतात, म्हणून सरासरी एकच भरते. हायड्राइडपेक्षा प्रबळ अशी आम्लारी आधीच मिसळली, तेव्हा आकडा दोनवर गेला.

‘हायड्राइड’ म्हणजे ऋणभारित हायड्रोजन, हे आपण सोडियम हायड्राइडच्या उदाहरणावरून शिकतो आणि ते मनात इतके पक्के बसते की हेच संयुग आम्लही असू शकते हे पटायला वेळ लागतो. १९३१ मध्ये वॉल्टर हीबर यांनी लोहाचे जे कार्बोनिल हायड्राइड तयार केले, तेसुद्धा आम्लधर्मीच होते. मात्र ऑक्सिडीभवनाने, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतल्याने, पडणारा फरक थक्क करणारा आहे. आम्लता पीकेए या आकड्याने मोजतात; तो जितका कमी, तितके आम्ल प्रबळ. सायक्लोपेंटाडायनिल हे कार्बनचे वलय आणि तीन कार्बोनिल असलेल्या मॉलिब्डेनम हायड्राइडचा अ‍ॅसिटोनायट्राइलमधील पीकेए १३.९ आहे, तर टंगस्टनच्या तशाच संयुगाचा १६.१. एक इलेक्ट्रॉन काढून धातूभोवतीच्या अठरा इलेक्ट्रॉनांचे सतरा झाले की हे आकडे सुमारे वीस एककांनी घसरून शून्याच्याही खाली जातात, म्हणजे आम्लता दहाच्या विसाव्या घाताइतक्या पटीने वाढते.

असा मूलक धन आयन (एक इलेक्ट्रॉन गमावलेला, धनभारित रेणू) सहसा निमिषभरही टिकत नाही, मग त्याची आम्लता मोजली कशी? ओस्लो विद्यापीठातील मॅट्स टिलसेट आणि त्यांच्यासोबत काम करणारे व्हर्नन पार्कर यांनी वळसा घेतला, आणि या विषयातले मला सर्वांत सुंदर वाटणारे काम तेच आहे. हायड्राइडचे ऑक्सिडीभवन ज्या विभवाला (व्होल्टमध्ये मोजल्या जाणाऱ्या विद्युतदाबाला) होते आणि प्रोटॉन गमावलेल्या ऋण आयनाचे ज्या विभवाला होते, त्या दोहोंतील फरक घेतला की ऊष्मागतिकीय चक्र पूर्ण होते. खोलीच्या तापमानाला दर ५९ मिलिव्होल्टमागे पीकेएचे एक एकक बदलते, त्यामुळे वीस एकके म्हणजे जवळजवळ १.२ व्होल्ट. जो पदार्थ हाती धरता येत नाही, त्याच्याविषयी असे खात्रीने बोलता येते.

सगळीच ऑक्सिडीकृत हायड्राइडे इतकी क्षणभंगुर नसतात. फ्रान्समधील रेन येथील संशोधकांनी पाच मिथिल गट असलेले वलय आणि दोन टोकांनी धातूला धरणारे फॉस्फीन वापरून लोह(३)चे, म्हणजे +३ ऑक्सिडीकरण स्थितीतील लोहाचे, हायड्राइड घन रूपात वेगळे काढले. इलेक्ट्रॉनांनी समृद्ध लिगंड धनभार सावरून घेतात आणि त्यांचा आकार इतर रेणूंना जवळ येऊ देत नाही. निसर्गातही निकेल आणि लोह असलेल्या हायड्रोजनेझ विकराच्या एका अवस्थेत निकेल(३) आणि लोह यांच्यामध्ये हायड्राइडचा पूल असतो. तेथून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात.

सध्या मी त्याच रुथेनियमवर वेगवेगळे फॉस्फीन बसवून पाहते आहे. कालच्या व्होल्टॅमोग्राममध्ये, म्हणजे विभव वर नेऊन परत आणताना वाहणाऱ्या प्रवाहाच्या आलेखात, परतीचा उंचवटा प्रथमच दिसला, अगदी पुसट आणि तोही विभव बदलण्याचा वेग सेकंदाला दहा व्होल्टपर्यंत वाढवल्यावर. प्रोटॉन सुटण्याआधी तो धन आयन निदान काही मिलिसेकंद तरी शाबूत राहिला होता.