पडद्यावर २००, आत शून्य

मी बनवत असलेल्या बायोरिअॅक्टरची, म्हणजे पेशी वाढवायच्या भांड्याची, ५० लिटरची बॅग, आत साधं पाणी आणि पाण्याहून जेमतेम जड असे पॉलिस्टायरीनचे मूठभर बारीक मणी. पेशी कशा तरंगत राहतील याचा अंदाज यावा म्हणून ते टाकले होते. मोटर चालू केली, पडद्यावर २०० आरपीएम आले, वहीत वेळ टिपली आणि एक फोन घ्यायला मी बाहेर गेले. परत आले तेव्हा पडद्यावर २००च होते, पण मणी सगळे तळाशी, पांढरा थर धरून बसलेले. बॅग ज्या टाकीत बसते तिच्या खिडकीला डोळा लावला. इम्पेलर, म्हणजे ढवळणारं पातं, जागच्या जागी नुसता थरथरत होता.

पडद्यावरचा आकडा मोटरचा होता. आतला इम्पेलर फिरतोय की नाही, याचा त्या आकड्याला पत्ताच नव्हता.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकदाच वापरायच्या बायोरिअॅक्टरमध्ये पेशी वाढतात त्या निर्जंतुक प्लास्टिकच्या बॅगेत. स्टीलच्या टाकीत इम्पेलर फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेरून आत जातो आणि त्याच्याभोवती सील असतं. बॅगेला असं भोक पाडायचं म्हणजे गळतीला आणि जंतूंना दार उघडून द्यायचं. १९९९ साली विजय सिंग यांनी डुलणाऱ्या बॅगेच्या बायोरिअॅक्टरवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी शाफ्ट आणि इम्पेलर दोन्ही काढून टाकून बॅगच झुलवली. पण उभ्या बॅगेत इम्पेलर हवाच. मग एक मार्ग म्हणजे बॅगेखाली चुंबकांची एक चकती फिरवायची आणि आतल्या इम्पेलरच्या बुडाशी तशीच दुसरी चकती बसवायची. बाहेरच्या चकतीला आम्ही ड्राइव्ह म्हणतो, आतल्या चकतीला फॉलोअर. मधे प्लास्टिक, हात कुठेच लागत नाही. कागदावर हे फार देखणं दिसतं.

कपलिंग, म्हणजे या दोन चकत्यांची चुंबकी जोडणी, सुटलं होतं हे उघड होतं. माझ्या चकतीवर १२ पोल होते, आलटून पालटून उत्तर-दक्षिण. अशा कपलिंगमध्ये फॉलोअर ड्राइव्हच्या किंचित मागे राहून फिरतो. भार वाढला की तो आणखी मागे पडतो. १२ पोलला १५ अंश मागे पडला की टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, कमाल मर्यादा आली. त्यापुढे पकड सुटते, आणि मोटर वेगात असली तर आपोआप परत बसत नाही, कारण फॉलोअरला क्षणात पुढे ढकललं जातं आणि क्षणात मागे. ती थरथर म्हणजे हीच ओढाताण.

पण सुटायला नको होतं. १२० मिलिमीटरचा इम्पेलर, पॉवर नंबर (इम्पेलर किती शक्ती खातो याचा गुणांक) दीड धरला, तर २०० आरपीएमला पाणी साधारण ०.०६६ न्यूटन-मीटर मागतं. माझ्या कपलिंगची मर्यादा ड्रॉइंगवर ०.२५ होती. जवळजवळ चौपट!

मग मी तेच केलं जे घाईत कुणीही करेल. जास्त ताकदीचे, एन५२ ग्रेडचे, जाड मॅग्नेट मागवले. "मॅडम, बोटं सांभाळा," असं टूलरूमचे काका म्हणाले तेव्हा मी हसले होते. दोन्ही चकत्या टेबलावर वीतभर अंतरावर ठेवल्या होत्या, एक सरकली आणि मधे माझी करंगळी. नख काळं झालं, महिनाभर तसंच राहिलं.

त्या मॅग्नेटांनी इम्पेलर सुटेना हे खरं. पण दोन दिवस चालवून बॅग कापली तेव्हा बेअरिंगखाली पिठासारखी पांढरी पूड जमली होती. औषध बनणार त्या भांड्यात पूड म्हणजे सगळंच संपलं. इंजेक्शनच्या औषधातल्या कणांची मोजणी १० आणि २५ मायक्रॉनपासून सुरू होते, आणि ही पूड तर मला चष्म्याविना दिसत होती.

सरांनी एकच प्रश्न विचारला, "ओढ किती आहे, मोजलीस का?" मोजली नव्हती. समोरासमोरच्या चकत्या एकमेकींना फिरवतात तशा ओढतातही, आणि ती सगळी ओढ आतल्या बेअरिंगवर बसते. ताणकाट्याने मोजली तर ६० न्यूटनच्या आसपास भरली. घर्षणाचा गुणांक ०.१ आणि बेअरिंगची त्रिज्या १० मिलिमीटर धरा, म्हणजे नुसतं घासण्यातच ०.०६ न्यूटन-मीटर गेले. पाणी ढवळायला लागतं जवळजवळ तेवढंच.

मग शांतपणे बसून चाचणीचं एक साधं साधन केलं. फॉलोअरला २० सेंटिमीटरचा आडवा हात लावला, टोकाला प्लास्टिकचा पेला टांगला आणि ड्राइव्ह घट्ट धरून पेल्यात थेंबथेंब पाणी सोडायचं. पकड सुटली की हात खट्कन खाली येतो. पेला वजनकाट्यावर ठेवायचा, झालं. मधे एकेक मिलिमीटरच्या पट्ट्या घालून गॅप वाढवत न्यायचा. जुन्या मॅग्नेटांना ६ मिलिमीटर गॅपला पेल्यासकट १२७ ग्रॅम लागले, म्हणजे बरोबर ते ०.२५. ८ मिलिमीटरला ८५ ग्रॅममध्येच हात पडला, म्हणजे ०.१७. दोन मिलिमीटरमध्ये तिसरा हिस्सा गायब.

ड्रॉइंगवर गॅप ६ होता. प्रत्यक्ष बॅगेत किती? मुलं खेळतात तो क्ले घेतला, गोळी करून बॅगेच्या बुडाखाली ठेवली, बॅग पाण्याने भरली, मग रिकामी करून चपटी झालेली गोळी व्हर्नियरने मोजली. दोन मिलिमीटर. बुडाच्या वेल्डची कड टाकीतल्या खाचेच्या काठावर टेकत होती आणि बॅग तेवढीच अधांतरी राहत होती, म्हणजे गॅप ६ नव्हे, ८. सगळ्या बॅगांत हीच गत.

तरीही हिशोब जुळत नव्हता, कारण ०.१७ सुद्धा पुरायला हवे होते. दुसरा अर्धा दोष माझ्या बटणाचा निघाला. मी मोटर एकदम २०० वर सोडत होते. स्थिर पाण्यातला इम्पेलर डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात पूर्ण वेगाला न्यायचा तर जडत्वच ०.२ च्या वर मागतं. वेग दहा सेकंदांत हळूहळू चढवला तर तेच जुने मॅग्नेट, तोच ८ चा गॅप, आणि इम्पेलर सुरळीत फिरला. हे पाहून मला आनंद झाला नाही, रागच आला. एन५२ वर गेलेले दोन महिने डोळ्यासमोर आले.

एक गोष्ट तेव्हा डोक्यात पक्की बसली. गॅप वाढला की चुंबकाची पकड किती झपाट्याने उतरते हे पोलच्या रुंदीवर ठरतं. ३० मिलिमीटर त्रिज्येवर १२ पोल म्हणजे एकेक पोल जेमतेम १६ मिलिमीटरचा, आणि त्याचं क्षेत्र जवळच्या जवळच वळून जातं. त्रिज्या ४५ केली आणि पोल ८ केले, तर पोल ३५ मिलिमीटरचा होतो आणि तेच दोन मिलिमीटर ३३ ऐवजी १६ टक्केच खातात. शिवाय मोठ्या त्रिज्येवर तेवढाच टॉर्क कमी ओढीत मिळतो. नवीन चकतीची मर्यादा ०.३ न्यूटन-मीटर आली आणि ओढ १० न्यूटनच्या घरात. फॉलोअर पूर्ण तरंगताच ठेवायचा मोह झाला होता, पण स्थिर चुंबकांनी वस्तू स्थिरपणे अधांतरी ठेवता येत नाही हे इंग्रज गणितज्ञ अर्नशॉ यांनी १८४२ सालीच दाखवून ठेवलंय. त्यासाठी सक्रिय नियंत्रण किंवा अतिवाहक लागतात, आणि आमच्या बजेटात दोन्ही बसत नव्हतं.

पुडीचं मात्र अजून एक कारण होतं, आणि ते मी जवळजवळ चुकवलंच होतं. बेअरिंग टेफ्लॉनचं होतं. निर्जंतुकीकरणासाठी बॅगेला गॅमा किरणांचा २५ किलोग्रे किंवा त्याहून जास्त डोस मिळतो, आणि टेफ्लॉन या किरणांपुढे फार लवकर ठिसूळ होतं. किरण न दिलेल्या बॅगेत पूड कितीतरी कमी होती. आम्ही बेअरिंग पीकचं केलं, खाली सिरॅमिकची पिन. (पीक हे प्लास्टिकचं नाव, शेताशी संबंध नाही. खरेदी विभागाला हे मला दोनदा समजवावं लागलं.) मॅग्नेटचं गॉस, म्हणजे त्याच्या क्षेत्राची ताकद, किरणांआधी आणि नंतर मोजलं. मीटरला फरक दिसला नाही.

मॅग्नेटला मारलं ते आमच्याच मोल्डने. निओडिमियम मॅग्नेट ओलाव्यात गंजतो, म्हणून फॉलोअर पूर्ण प्लास्टिकमध्ये कोंडायचा असतो. नव्या चकत्यांवर थेट पॉलिथिलीन ओतून घेतलं. पहिला लॉट पेल्यावर लावला तर मर्यादा निम्मीसुद्धा नाही. वितळलेलं प्लास्टिक २०० अंशांचं, आणि साध्या ग्रेडचा निओडिमियम ८० अंशांपुढे ताकद घालवायला लागतो. थंड झाल्यावर ती ताकद परत येत नाही. आता आधी रिकामी वाटी मोल्ड करतो, तीत मॅग्नेट बसवतो आणि झाकण अल्ट्रासॉनिकने वेल्ड करतो. वाटीची भिंत दीड मिलिमीटरच ठेवायची यावर टूलरूमशी झालेली भांडणं इथे लिहीत नाही.

बुडाची खाच दोन मिलिमीटर रुंद केली. फॉलोअरच्या कडेला, ड्राइव्हच्या परिघाबाहेर, एक चिमुकला मॅग्नेट बसवला आणि खाली त्याच्यासमोर चुंबक जवळ आला की ओळखणारा हॉल सेन्सर. एका फेरीला एक ठोका. ठोके मोटरच्या आकड्याशी जुळले नाहीत की पडदा लाल होतो, मोटर थांबते आणि हळूहळू पुन्हा वेग धरते. शेवटच्या ट्रायलला मी मुद्दाम वेगाची चढण काढून टाकली. इम्पेलर थरथरला, तीन सेकंदांत पडदा लाल झाला. मग ७२ तास सलग चालवून पाणी गाळलं, गाळणकागद भिंगाखाली धरला. पूड नव्हती.

आता एकच डोकेदुखी उरली आहे. घडी घातलेल्या बॅगा खोक्यात एकावर एक ठेवल्या की फॉलोअर शेजारच्या बॅगेतल्या फॉलोअरला जाऊन चिकटतो, आणि मधल्या फिल्मला चिमटा बसतो. त्यावर फोमची जाड टोपी करून बघतोय. पहिला नमुना परवा स्टीलच्या टेबलावर ठेवला, तर टोपीसकट टेबलाला चिकटला. टोपी अजून जाड करावी लागणार.