३.६६ नंबरचा पिक

१३ मे २०२५, पहाटेचे साडेचार. ऑफिसात माणसं दोनच: मी आणि आमच्या टीममधला एक पोरगा, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेला. एका स्क्रीनवर शिकागो. तिथे अजून १२ तारखेची संध्याकाळ होती आणि एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगची ड्राफ्ट लॉटरी, म्हणजे नवे खेळाडू कोणत्या संघाने कितव्या नंबरवर निवडायचे ते ठरवणारी सोडत, जाहीर व्हायची होती. दुसऱ्या स्क्रीनवर माझी एक्सेल फाईल, नाव 'यूटा अंतिम ३'. क्लायंटचं काम केलेल्या कुणालाही फाईलच्या नावातला 'अंतिम' किती अंतिम असतो ते सांगायला नको.

पुण्यात बसून आम्ही अमेरिकेतल्या एका क्लायंटसाठी बास्केटबॉलचे आकडे चाळतो. तेव्हाचं काम होतं मोजदादीचं. जे संघ जुनं मोडून नव्याने उभे राहताहेत त्यांच्या घरात आहे तरी काय आणि ते केवढ्याचं, हे एका तक्त्यात मांडायचं. माझ्या वाट्याला यूटा जॅझ आला होता.

आयपीएलवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे आधी समजावून सांगावं लागतं. एनबीएत नव्या पोरांचा लिलाव नसतो. कॉलेजातून, परदेशातून येणारे खेळाडू संघ ठरलेल्या क्रमाने निवडतात आणि हरणाऱ्यांचा नंबर साधारणपणे आधी लागतो. या नंबराला म्हणायचं पिक. गंमत अशी की पुढच्या सात वर्षांपर्यंतचे पिक आजच दुसऱ्याला देता येतात. म्हणजे संघाच्या मालमत्तेत जशी हाडामांसाची माणसं असतात, तशीच अजून न निवडलेली, नाव-गाव नसलेली माणसंही असतात.

यूटाकडे या दुसऱ्या प्रकारची रास होती. २०२२च्या उन्हाळ्यात त्यांनी आपले दोन मोठे खेळाडू काढले. रूडी गोबेअर मिनेसोटाला दिला, डॉनोव्हन मिचेल क्लीव्हलंडला. बदल्यात खेळाडू आले ते आलेच, वर पहिल्या फेरीचे सात पिक आणि काही वर्षांसाठी पिकांच्या अदलाबदलीचे हक्क. तेव्हा सगळे म्हणाले, यूटाने लुटलं.

तीन वर्षांनी मी तक्ता मांडत होते तेव्हा चित्र निराळं होतं. दुसऱ्याचा पिक घेणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. तो हरला तर तुमचा पिक वरचा, तो जिंकला तर तळाचा. क्लीव्हलंड त्या हंगामात ६४ सामने जिंकून बसलं आणि मिनेसोटानेही ४९ जिंकले. उलट ज्यांच्याकडे त्या सौद्यांत कुणी नीट बघितलं नव्हतं ते वर आले. क्लीव्हलंडकडून आलेला लॉरी मार्कानेन यूटाकडच्या पहिल्याच हंगामात ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला. मिनेसोटाकडून आलेला वॉकर केसलर, ड्राफ्टमधला बाविसावा, यूटाचा मुख्य सेंटर होऊन बसला.

पण मार्कानेनच्या ओळीवर मी दोन दिवस घालवले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने पाच वर्षांचा २३ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला, आणि सही अशा तारखेला केली की तो हंगाम संपेपर्यंत त्याला दुसरीकडे देताच येऊ नये. चोवीस तास आधी सही झाली असती तर फेब्रुवारीत सौद्यांची मुदत संपण्याआधी तो विकाऊ ठरला असता. पुढे मार्चमध्ये, तो धडधाकट असून खेळवला नाही म्हणून लीगने यूटाला एक लाख डॉलरचा दंड केला. तोच माणूस, तीच सात फुटांची उंची, पण स्वस्त होता तेव्हा सोनं आणि पूर्ण पगारावर आला की डोक्याला ताप. खरं तर आम्ही खेळाडूची किंमत लावत नाही. त्याच्या खेळाची किंमत आणि त्याचा पगार यांच्यामधल्या फटीची किंमत लावतो. हे क्लायंटला मी चार मेल लिहूनही नीट सांगू शकले नव्हते.

यूटाने त्या हंगामात १७ जिंकले, ६५ हरले. लीगमध्ये सगळ्यात तळाला. शिवाय २०२५चा त्यांचा स्वतःचा पिक पहिल्या दहाच्या बाहेर गेला असता तर एका जुन्या सौद्यापायी ओक्लाहोमा सिटीला द्यावा लागला असता. हरण्याला एवढं कारण पुरे. तळाच्या संघाला पहिला पिक मिळतो असं लोकांना वाटतं. २०१९ पासून तसं नाही. तळाच्या तीनही संघांना पहिल्या नंबरची शक्यता सारखीच, १४ टक्के. सोडतीने फक्त पहिले चार नंबर ठरतात आणि सगळ्यात तळाचा संघ घसरला तर पाचवरच थांबतो. तिथे पोचण्याची शक्यता ४७.९ टक्के.

मी काय केलं होतं? प्रत्येक नंबरला त्याच्या शक्यतेने गुणलं, बेरीज घेतली, उत्तर आलं ३.६६. तेच तक्त्यात टाकून त्याची किंमत काढली. गणित बिनचूक होतं.

"ताई, पण ३.६६ नंबर असतो कुठे?" पोराने विचारलं.

"सरासरी आहे रे."

"हो, पण उद्या ते सरासरी निवडणार आहेत का?"

मी त्याला चहा आणायला पिटाळलं.

लॉटरीचे पत्ते मागून उलगडत आणतात, चौदाव्यापासून पहिल्यापर्यंत. खरी सोडत आधीच बंद खोलीत झालेली असते. १४ चेंडू, त्यातून चार काढायचे, १००१ जोड्या, त्यांपैकी १००० वाटलेल्या. टीव्हीवरची मंडळी फक्त लिफाफा फोडतात. हरण्याच्या क्रमाने अकराव्या नंबरला डॅलस यायला हवं होतं, आलं पोर्टलंड. मी खुर्चीत सरसावून बसले. म्हणजे डॅलस पहिल्या चारात! त्यांची पहिल्या नंबरची शक्यता १.८ टक्के होती, आणि तीनच महिन्यांपूर्वी त्यांनी आपला सगळ्यात मोठा खेळाडू लुका डॉन्चिच लेकर्स संघाला देऊन आपल्याच चाहत्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आठव्याला ब्रुकलिन, सातव्याला न्यू ऑर्लिन्स. सहाव्याला वॉशिंग्टन निघालं तेव्हा पोराने बोटांवर मोजून सांगितलं, "म्हणजे पाचवे आपणच."

आपण निघालो. 'आपण' म्हणजे यूटा. दोन महिने एखाद्याचं घर मोजलं की असं तोंडात बसतं.

पहिला नंबर डॅलसला, म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात नावाजलेला पोरगा, कूपर फ्लॅग, डॅलसला. यूटा पाचवं. सगळ्यात जास्त शक्यता ज्या निकालाची होती, तोच लागला होता. आणि माझ्या तक्त्यात त्याला स्वतःची ओळसुद्धा नव्हती.

सकाळी नऊला फाईल जायची होती. सव्वापाचला बाबांचा फोन आला. राजापूरजवळ आमची हापूसची बाग आहे, मे महिन्यात ते चारलाच उठतात. मी ऑनलाईन दिसले असणार.

"काय गो, एवढ्या पहाटे जागी?"

मी सांगितलं, पिकाची किंमत चुकली. बाबांना मी 'पिक' म्हटलं की ते 'पीक' ऐकतात आणि मीही कधी दुरुस्त केलेलं नाही.

"उभं पीक की मोहोराआधीचं?"

"काही अजून सहा वर्षांनी यायचंय."

ते हसले. "मग झाड कशाला बघतेस? घर बघ. पोरं गावात राह्यली की मुंबईस गेली? मोहोराआधी बाग धरणारा तेच बघतो. घर ओस पडायचं असेल तर खत घालायचं कोणी?"

फोन ठेवून मी थेट २०३१च्या ओळीवर गेले. जानेवारीत यूटाने फिनिक्सशी एक सौदा केला होता. आपल्याकडच्या पहिल्या फेरीच्या पिकांपैकी २०२५, २०२७ आणि २०२९ असे तीन कमी मोलाचे त्यांना दिले आणि त्यांचा २०३१चा एकच पिक घेतला, कुठलीही अट नसलेला. सुट्टे देऊन मोठी नोट घ्यावी तसं. मी त्या पिकाला सरासरी किंमत लावली होती, कारण सहा वर्षांनंतरचं कुणाला काय कळतंय! पण घर बघायला काय हरकत होती? २०३०-३१च्या हंगामात केव्हिन ड्युरंट ४२ वर्षांचा असेल, डेव्हिन बुकर ३४चा. फिनिक्सने पुढचे बहुतेक पिक आधीच देऊन टाकलेले, म्हणजे घरात नवी पोरं यायची वाट अरुंद. बाबांचाच हिशोब, फक्त उलटा. आमच्या धंद्यात घर ओस पडायची चिन्हं असली की भाव चढतो.

"ताई, त्या पिकावर जो येईल तो पोरगा आत्ता केवढा असेल?" पोराने विचारलं.

एकोणीसचा धरला तर आत्ता तेरा. सातवी-आठवीत. त्याला अजून मिशी फुटलेली नाही, आणि इथे पुण्यात दोन माणसं त्याचा भाव चढवावा की उतरवावा यावर डोकं खाजवताहेत. दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग तो म्हणाला, "त्याला गृहपाठ पण असेल," आणि आम्ही वेड्यासारखे हसलो. पहाटेची झोप दुसरं काय.

नऊऐवजी साडेदहाला फाईल गेली. प्रत्येक पिकापुढे एका आकड्याऐवजी तीन: बरं झालं तर, वाईट झालं तर, आणि सर्वांत शक्य काय. क्लायंटला ते आवडलं नाही. त्यांना बेरीज करता येईल असा एकच आकडा हवा होता. शेवटी खाली एक बेरीज टाकून दिली. पगार तेच देतात.

जूनच्या २५ तारखेला यूटाने पाचव्या नंबरवर एस बेली घेतला. पुष्कळ जण त्याला पहिल्या तिघांत धरत होते, तो खाली सरकत पाचवर आला. मिनेसोटाकडून आलेला एकविसावा पिक आणि वर आणखी काही देऊन ते अठरावर चढले आणि वॉल्टर क्लेटन घेतला. पोराने विचारलं, "आता तरी फाईल बंद?" मी हो म्हटलं.

महिना संपता संपता कॉलिन सेक्स्टनची बातमी आली. सामन्याला १८च्या वर गुण काढणारा गडी, मिचेलच्या सौद्यातच आलेला. माझ्या तक्त्यात त्याची किंमत ठीकठाक होती, कुणीतरी दुसऱ्या फेरीचा एखादा पिक देऊन त्याला नेईल एवढी. यूटाने तो शार्लटला दिला, बदल्यात युसुफ नुर्किच घेतला आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक वर स्वतःच्या खिशातून दिला.

मी फाईल पुन्हा उघडली. सेक्स्टनच्या ओळीतला आकडा तसाच ठेवला, त्याच्यापुढे फक्त उणे चिन्ह टाकलं आणि नाव दिलं 'यूटा अंतिम ७'.