पोरसने हत्ती रांगेत उभे केलेच नाहीत

इंग्लंडमधल्या एका वॉरगेमिंग शोमध्ये, म्हणजे पुतळ्यांनी टेबलावर लढाया खेळणाऱ्यांच्या मेळाव्यात, आम्ही अलेक्झांडर आणि पोरस यांची इ.स.पू. 326 ची झेलमकाठची लढाई मांडली होती. 28 मिमीचे पुतळे, 8 फूट बाय 6 फुटांचं टेबल आणि येणाऱ्या प्रेक्षकांनीच खेळायचे दोन डाव. सकाळचा डाव बराचसा इतिहासाच्या वळणाने गेला. दुपारच्या डावात पोरसच्या बाजूने जे झालं त्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आधी हत्तींची संख्या, कारण सगळं टेबल तिच्यावर ठरतं. जुन्या ग्रीक-रोमन इतिहासकारांपैकी एरियन 200 हत्ती सांगतो, डायोडोरस 130, कर्टियस 85. एरियनच्या म्हणण्यानुसार दोन हत्तींमध्ये सुमारे 100 फुटांचं अंतर होतं. 200 हत्ती असे उभे केले तर आघाडी 6 किलोमीटर लांब होते. समोर अलेक्झांडरचे जेमतेम 6,000 पायदळ आणि 5,000 घोडेस्वार. हे जुळत नाही. म्हणून मी 85 धरतो आणि टेबलावर 10 हत्ती ठेवतो. बेस 60 मिमी, मधलं अंतर 120 मिमी, म्हणजे हत्तींची रांग 168 सेंमी होते आणि दोन्ही टोकांना घोडदळासाठी साधारण 38 सेंमी उरतात. टेबल 6 फुटांहून रुंद घेऊ नये. त्यापुढे हात मधोमध पोचत नाही, माणूस ओणवा होतो आणि त्याच्या बाहीखाली अख्खी तुकडी आडवी होते.

विकत मिळणाऱ्या हत्तींबद्दल माझी तक्रार जुनी आहे. बऱ्याच संचांत पाठीवर अंबारी येते. पोरसच्या हत्तींवर ती नव्हती. ब्रिटिश म्युझियममध्ये त्या काळातलं चांदीचं मोठं नाणं आहे. त्यावर हत्तीच्या पाठीवर दोन माणसं नुसती मांड टाकून बसली आहेत आणि मागून घोडेस्वार भाला घेऊन चालून येतोय. आमचे हत्ती त्या नाण्यावरून केलेत. अंबाऱ्या काढल्या, पाठीवरची खाच पुट्टीने भरली, माहुताच्या हातात तारेचा अंकुश दिला. पाठीचा बाकही पाहावा लागतो. आपल्या हत्तीची पाठ वर फुगलेली, आफ्रिकी हत्तीची मध्ये खोलगट. ओतीव पुतळ्यांत ही गल्लत बरेचदा सापडते. सोंड नुसत्या सुपरग्लूने चिकटवली तर शोमध्ये टिकत नाही, कारण लहान मुलं हत्ती सोंडेलाच धरून उचलतात. आत 1 मिमीची पितळी सळई घालावी लागते. मॅसिडोनियनांच्या लांब भाल्यांना, म्हणजे सरिसांना, स्टीलची तार वापरतो. मऊ धातूचे भाले पहिल्या तासातच वाकतात. तार वाकत नाही, पण बोटात घुसते, म्हणून टोकं घासून बोथट केलेली.

टेबल नीट चालवायचं तर दोन माणसं लागतात. एक डाव चालवतो, दुसरा फक्त प्रेक्षकांशी बोलतो. कित्येक गट सुंदर टेबल मांडतात आणि मग प्रेक्षकांकडे पाठ करून आपसात खेळत बसतात. मला ते मुळीच पटत नाही. नियम एका पानात, 8 चाली, प्रत्येकीला 12 मिनिटं. मोजायला टेपऐवजी 6 इंची काड्या, फासे फक्त ट्रेमध्ये.

हत्तीचा नियम असा. तिसरा घाव बसला की एक फासा टाकायचा. 1 किंवा 2 आले तर सरळ पुढे, 3 किंवा 4 आले तर सर्वांत जवळच्या पायदळावर, मग ते कोणाचंही असो, 5 ला जागीच उभा, 6 ला मागे वळून आपल्याच रांगेतून. आणि हत्तीपासून 6 इंचांच्या आत मॅसिडोनियन घोडदळाला चढाई करता येत नाही. हे मी मनाने घातलेलं नाही. नदी समोरून ओलांडली तर हत्ती पाहून घोडे बिथरतील हीच अलेक्झांडरची काळजी होती, म्हणून तो रात्री, पावसात, वरच्या अंगाने नदीपार झाला.

भारतीय प्रेक्षक आले की पहिला प्रश्न ठरलेला: पोरस जिंकला होता ना? उपलब्ध वर्णनं सगळी ग्रीक आणि रोमन आहेत, लढाईनंतर कित्येक पिढ्यांनी लिहिलेली, आणि सगळी अलेक्झांडरचाच विजय सांगतात. राज्य पोरसला परत मिळालं हेही तीच सांगतात. मी एवढंच सांगतो. काही जण नाराज होऊन निघून जातात.

दुपारी पोरसच्या बाजूला एक मराठी मुलगा उभा राहिला. मांडणी चालू असताना त्याने विचारलं, “काका, हत्ती कुठेही ठेवले तर चालेल?”

“तुझ्या अर्ध्या टेबलात कुठेही ठेव,” मी म्हणालो.

त्याने पाच हत्ती डाव्या टोकाला ठेवले, पाच उजव्या. मध्ये उघडं पायदळ, 12 तुकड्या. पोरसचे स्वतःचे घोडे हत्तींना सरावलेले, म्हणून त्यांना 6 इंचांचं बंधन नाही. ते हत्तींच्या मागे. परिणाम तात्काळ दिसला. अलेक्झांडरचं घोडदळ उजवीकडे अडकलं. अलेक्झांडरचा सेनानी कोइनस ज्या वळशाने भारतीयांच्या पाठीवर गेला, तीच वाट दुसऱ्या टोकाच्या पाच हत्तींनी बंद केली. पण मध्यभागी फॅलॅन्क्ससमोर, म्हणजे मॅसिडोनियनांच्या दाट रांगांतल्या भालेकरी पायदळासमोर, काहीच आड उरलं नाही. सहाव्या चालीपर्यंत 12 पैकी 7 तुकड्या मोडल्या. आठवी चाल संपली तेव्हा पायदळ संपलेलं, आठ हत्ती धडधाकट आणि अलेक्झांडरचं घोडदळ एकदाही भिडलेलं नाही. गुणांवर अलेक्झांडर जिंकला. टेबलाभोवती कोणालाच ते पटलं नाही.

एरियन पोरसच्या मांडणीचं कारण देतो. हत्ती पायदळापुढे असले की घोडेही बिचकतात आणि पायदळही मधल्या फटींत शिरायला धजत नाही. एकाच रांगेकडून दोन कामं. मुलाने त्यातलं एक काम पूर्ण केलं आणि दुसरं सोडून दिलं. खऱ्या पोरसला हे सुचू शकलं असतं का, आणि वेळ होता का? वेळ होता असं मला वाटतं. आपलं पायदळ मागून येऊन दम खाईपर्यंत अलेक्झांडरने हल्ला केला नव्हता. म्हणून मोकळ्या मांडणीचा नियम मी बदलणार नाही, सोबत डाव चालवणाऱ्यांनी कितीही आग्रह धरला तरी.

राहिला प्रश्न त्या अडकलेल्या घोडदळाचा. त्याचं उत्तर अलेक्झांडर खेळणाऱ्याच्या हातात पहिल्या चालीपासून होतं. त्याच्याकडच्या दाहे टोळीच्या घोडेस्वार तिरंदाजांचा पल्ला 12 इंच आहे आणि हत्तीची धास्ती फक्त 6 इंचांची. बाहेर राहून माहुतांवर बाण सोडत राहायचं, तिसऱ्या घावाला फासा आपोआप येतो, आणि शेजारी दाटीने उभे असलेले हत्ती आणि पोरसचेच घोडे. त्याने तिरंदाज पोरसच्या रथांवर धाडले. दोन्ही आकडे त्याच्यासमोरच्या पानावर होते, पण एक वरच्या तक्त्यात आणि एक खालच्या टिपेत. ते शेजारी छापले तर ही युक्ती खेळाडूला आयती हातात दिल्यासारखी होईल का, यावर आमच्यात अजून एकमत नाही.