पहाटे तीनचा बोल्ट

एएमईच्या, म्हणजे विमान-देखभाल इंजिनिअरच्या परीक्षेला बसणाऱ्यांना 'मॉड्यूल ९, ह्यूमन फॅक्टर्स' (माणसाच्या हातून चुका का होतात) हा आदल्या रात्री घोकून काढायचा पेपर वाटतो. इथे ब्रिटनमध्ये हँगरात, म्हणजे विमानं दुरुस्त होतात त्या शेडमध्ये नोकरी लागली, की दर दोन वर्षांनी त्याच विषयाच्या वर्गात परत बसवतात. तिथे एक उदाहरण हमखास निघतं. १० जून १९९०, बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेलं बीएसी वन-इलेव्हन हे प्रवासी विमान.

१७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन टिम लँकॅस्टर अर्धेअधिक बाहेर ओढले गेले. केबिन क्रूने त्यांना धरून ठेवलं, को-पायलट ॲलिस्टर ॲचिसन यांनी विमान साउदम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसकट सगळे वाचले. वर्तमानपत्रांना एवढं पुरे होतं. हँगरवाल्यांची गोष्ट मात्र २७ तास आधी सुरू होते.

ती काच नवी बसवली होती, नाइट शिफ्टमध्ये, पहाटे तीननंतर. माणसं कमी होती म्हणून शिफ्ट मॅनेजरनेच काम अंगावर घेतलं. काचेला ९० बोल्ट. काढलेले जुने बोल्ट बहुतेक ए२११-७डी या नंबरचे होते, त्यामुळे तेच हवेत असं त्याने धरलं. खरं तर हवे होते ८डी. म्हणजे आधीच्या कुणीतरी आखूड बोल्ट लावले होते आणि विमान तसंच उडत होतं. पार्ट्स कॅटलॉग उघडला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. स्टोअरकीपर म्हणालाही, काचेला ८डी लागतात. पण तो हटून बसला नाही आणि मॅनेजरने ऐकून सोडून दिलं.

स्टोअरमध्ये ७डी पुरेसे नव्हते. मग गाडी काढून दुसऱ्या ठिकाणच्या, माणूस नसलेल्या कप्प्यांच्या रॅककडे. उजेड अंधूक, लेबलं पुसट. जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळवले आणि ८४ बोल्ट उचलले. ते निघाले ८सी.

खरी गोम इथे आहे. ८डीचा व्यास ०.१९० इंच, ८सीचा ०.१६४. फरक जेमतेम ०.६६ मिलिमीटर. पण आटे दोन्हींना इंचाला ३२च! आट्यांचं अंतर वेगळं असतं, तर बोल्ट दोन फेऱ्यांत अडला असता. इथे तो सरळ आत गेला आणि नटमध्ये जेमतेम टेकला. टॉर्क (पिळायचा जोर) मोजणारा स्क्रूड्रायव्हर ठरलेल्या जोराला 'टक' करून सुटतो. बारीक बोल्टचे आटे नटमध्ये घसरतानाही हाताला साधारण तसाच झटका बसतो. बोल्टचं डोकं लहान असल्याने खाचेत भोवती रिकामी कड दिसायला हवी होती. पण काम चाललं होतं शिडीच्या फळीवरून विमानाच्या नाकावर वाकून, आणि दिसायची जागा नेमकी स्वतःच्याच हाताने झाकलेली. उरलेले सहा बोल्ट व्यासाने बरोबर, पण ०.१ इंच आखूड होते.

त्यात ही काच बाहेरून बसवायची. आतून बसणारी काच केबिनच्या दाबाने चौकटीत आणखी घट्ट होते. बाहेरून बसवलेलीचा सगळा भार बोल्टवर येतो. तरीही 'व्हायटल पॉइंट'च्या, म्हणजे जिथली चूक विमानाच्या जिवावर बेतू शकते अशा जागांच्या यादीत ती नव्हती. म्हणून दुसऱ्या माणसाने तपासायची सक्ती नव्हती, केबिनमध्ये दाब भरून बघायच्या प्रेशर टेस्टचीही नव्हती.

वर्गात यावर पहिला प्रश्न 'चूक कोणाची?' हा नसतो. विचारतात, चुकीची गोष्ट त्याला बरोबर कशामुळे वाटली? आपल्याकडून, भारतातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. एक सांगतो, हे वाचून कामात ढिलाई चालते असं समजू नका. जाणूनबुजून पायरी गाळणाऱ्याची इथेही गय होत नाही.

आताची पद्धत अशी. गंभीर कामांना, म्हणजे कंट्रोल केबलपासून इंजिनापर्यंत, ज्याचा त्या कामात हात नव्हता असा दुसरा माणूस स्वतंत्र तपासणी करतो. विमानाच्या दोन्ही इंजिनांचं एकसारखं काम शक्यतो एकाच माणसाकडे जात नाही. एकच चूक दोन्हीकडे नको. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, त्यामुळे एक जरी जागेवर नसेल तर रिकामी आकृती लगेच डोळ्यात भरते. शिफ्ट बदलताना अर्धवट काम कार्डवर लिहायचं: कुठले नट फक्त हाताने फिरवलेत, कुठल्यांना टॉर्क दिलाय. 'सांगितलंय त्याला' चालत नाही. गंभीर घटना ७२ तासांत कळवावी लागते. नाव झाकून सांगायचं असेल तर १९८२पासून चालणारी 'चर्प' ही वेगळी व्यवस्था आहे.

तिकडे भारतात हँगरात ट्रेनी असाल तर सवय आतापासूनच लावा. काढलेले बोल्ट जागेनुसार लेबल लावलेल्या पिशव्यांत ठेवा, पण नवे मागवताना ते समोर धरू नका. कॅटलॉगमध्ये आपल्याच विमानाच्या सीरियल नंबरला लागू असलेली ओळ शोधा आणि पाकिटावरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. सी आहे की डी, तेसुद्धा.