स्तवन ओठांवर येत नाही तेव्हा

रविवार, रात्री उशिरा

आज सकाळच्या उपासनेत सारी मंडळी उभी राहून गात होती आणि मी ओठ मिटून उभा होतो. गीत ओळखीचे होते, चालही तोंडपाठ होती. पण बाबांच्या आजारपणाचा हा चौथा महिना, आणि रात्रभराच्या जागरणानंतर देवाला ‘तू थोर आहेस’ असे म्हणताना आपण खोटे तर बोलत नाही ना, या शंकेने आवाजच फुटला नाही. दिवसभर ती शंका मनातून गेली नाही, म्हणून येथे लिहून काढतो आहे.

इतकी वर्षे मी ज्याला स्तुती म्हणत आलो, ती बहुतांशी उपकारस्तुती होती, हे आज प्रथमच ध्यानात आले. काम झाले, संकट टळले, प्रवास सुखरूप झाला, की देवाचे आभार मानायचे. आभार मानणे गौण आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. लूककृत शुभवर्तमानात शुद्ध झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकटा शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा माणूसच, परत आला, तेव्हा बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारलेच. परंतु आभार मानायला हाती काहीतरी पडलेले असावे लागते. स्तुती मात्र देवाने काय दिले याच्याही आधी देव कोण आहे हे बोलते. माझ्या आभारांची यादी या चार महिन्यांत आटली असेल, पण तेवढ्याने त्याचे विश्वासूपण आटलेले नाही. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ हे मुलेबाळे आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे शब्द अंत्यविधींच्या वेळी इतक्यांदा ऐकले आहेत की, त्याने त्या क्षणी फाडलेला झगा मला दिसेनासा झाला होता. आणि त्याच ईयोबाने पुढे कितीतरी अध्याय देवाकडे जाब मागितला, हे तर आपण सहसा सांगतच नाही.

स्तुती केली की बेड्या तुटतात, असे पुष्कळदा सांगितले जाते आणि पुराव्यादाखल फिलिप्पैच्या तुरुंगाचे नाव घेतले जाते. मला ते पटत नाही. तेथे कैदेत असलेले प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री गात होते तेव्हा त्यांच्या अंगावर छड्यांचे वळ होते, पाय खोड्यात अडकवलेले होते आणि पुढे भूमिकंप होऊन दारे उघडणार आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. दारे उघडल्यावरही ते पळाले नाहीत. सुटकेसाठी मोजलेली किंमत म्हणून ते गायले असते, तर दार उघडताच निघून गेले असते.

संध्याकाळी बाबांजवळ बसलो. त्यांना रोज बायबलमधील स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र वाचून दाखवण्याचा आमचा परिपाठ आहे आणि क्रमाने आज अठ्ठ्याऐंशीवे आले होते. ते वाचावे की गाळावे, असा मला क्षणभर प्रश्न पडला. कारण रात्रंदिवस आक्रोश करणाऱ्या त्या भक्ताला अखेरपर्यंत उत्तर मिळत नाही आणि मूळ इब्री स्तोत्राचा शेवटचा शब्दच अंधार हा आहे. तरीही ते ज्या ग्रंथात आहे, त्याचे इब्री नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तवने. ज्यांनी ही 150 स्तोत्रे एकत्र केली, त्यांना देवासमोर केलेला आक्रोशही स्तवनांच्या रांगेत बसवण्याजोगा वाटला, कारण हा भक्त रडतो आहे तो देवाकडे पाठ फिरवून नव्हे. सकाळी उठून पुन्हा त्याच्याचकडे तोंड करतो. माझे सकाळचे मौन तसे होते का? नव्हते. मी गात नव्हतो आणि रडतही नव्हतो. देवाशी बोलायचेच टाळत होतो.

मी वाचून थांबलो, तेव्हा बाबा डोळे न उघडताच म्हणाले, “पुढचेही वाच. शेवटपर्यंत.” एकोणनव्वदावे लांबलचक आहे. प्रारंभी परमेश्वराच्या वात्सल्याचे गान, आणि मग अडतिसाव्या वचनापासून सूरच पालटतो: तू आम्हांला टाकलेस, किती काळ लपून राहशील, तुझी ती पूर्वीची दया कोठे गेली? तक्रार मिटत नाही, आणि लगेच बावन्नावे वचन येते: परमेश्वर सर्वकाळ धन्यवादित असो. अभ्यासक सांगतात की, स्तोत्रसंहितेच्या तिसऱ्या भागाच्या समाप्तीसाठी ते वचन तेथे आहे. तसेच असेल, पण ते ठेवणाऱ्यांनी वरची तक्रार पुसली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

त्या वचनाच्या शेवटी दोनदा ‘आमेन’ आहे. पहिले मी वाचले. दुसरे बाबा म्हणाले, अगदी हळू, आणि त्यांच्या मागोमाग माझ्याही तोंडून ते पुन्हा निघाले. आता त्यांचा डोळा लागला आहे. खूण नव्वदाव्या स्तोत्रावर ठेवली आहे.