पोपट्याच्या आधी रातकिडे जेवतात

गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी पोपट्या फांदीवरून पडला. उंची फूटभर, त्यामुळे लागलं काही नाही. पण पोपट्या शॅमेलिऑन आहे, म्हणजे फांद्यांवर राहणारा, रंग बदलणारा सरडा, आणि शॅमेलिऑन असा पडत नाही. त्याच्या पंजाची पाच बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली असतात, सांडशीच्या दोन पात्यांसारखी, आणि झोपेतसुद्धा ती फांदी सोडत नाहीत. मी त्याला माझ्या बोटावर घेतलं, तर ती सांडशी ढिली लागली. महिनाभरापूर्वी हाच पंजा बोटावरून सोडवताना मला एकेक बोट उचलावं लागायचं.

पोपट्या आमच्याकडे मार्चमध्ये आला. माझा भाऊ पुण्याहून परदेशी नोकरीला गेला आणि जाताना आपला चार महिन्यांचा शॅमेलिऑन भाच्याच्या स्वाधीन करून गेला. जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येची, डोक्यावर उंच टोप असलेली. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची त्याची नोंद आधी रीतसर बदलून घेतली, मगच तो जळगावात आला. विदेशी प्राण्याच्या बाबतीत हे टाळू नये.

खाण्याचं मला सोपं वाटलं होतं. ज्याच्याकडून रातकिडे मागवायचो त्यानं सांगितलं, किडे जिवंत ठेवा, बाकी काही लागत नाही. मग मी त्यांना गव्हाचा कोंडा आणि केळी घालत गेले. सासर चोपडा तालुक्यातलं, केळीची बाग घरची, घरात घड कायम टांगलेला. पोपट्या दिवसाला आठ-दहा रातकिडे फस्त करायचा, लांबीला वाढत होता. आम्ही खूश होतो.

पडल्यानंतर दोन दिवस नीट पाहिलं तेव्हा बाकीचं दिसू लागलं. जीभ रातकिड्याच्या अलीकडेच संपायची. चालताना पुढचे पाय थरथरायचे आणि कोपरात बाहेर वाकल्यासारखे दिसायचे. त्याला घेऊन नाशिकला गेलो. डॉक्टरांनी जबडा दोन बोटांत हलकेच दाबून पाहिला, एक्स-रे काढला, आणि मला पहिला प्रश्न विचारला, "ताई, किड्यांना काय खायला घालता?"

मी म्हणाले, "कोंडा आणि केळी."

एक्स-रेमध्ये हाडं अगदी फिकी दिसत होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावलं. रातकिड्याच्या अंगात कॅल्शियम अगदी कमी आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट असतो. शॅमेलिऑनला हवं असतं उलटं, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडतात. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, केळ्यातही कॅल्शियमपेक्षा जास्त. म्हणजे पाच महिने मी उणिवेत आणखी भर घालत होते. रावेर-यावल-चोपड्याच्या ज्या केळ्याचा आम्हाला अभिमान, तेच इथे उपयोगाचं नव्हतं. गाडीत परत येताना मी बोलले नाही कुणाशी.

रातकिडा म्हणजे एक पिशवी, हे तेव्हा डोक्यात बसलं. पिशवीत आपण जे भरू तेच पोपट्याच्या पोटात जाणार. आणि ती पिशवी फार वेळ भरलेली राहत नाही. एक-दोन दिवसांत किडा खाल्लेलं बाहेर टाकतो. म्हणून खाऊ घालण्याआधीचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास महत्त्वाचे.

आता आमच्याकडे दोन डबे असतात. मोठ्या डब्यात वीण. त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, एका वाटीत ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मादी त्यात शेपटीची सुई खुपसून अंडी घालते, तीस अंशांच्या आसपास ऊब असली की दहा-बारा दिवसांत तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पिल्लं निघतात, आणि दीड-दोन महिन्यांत ती मोठी होतात. दुसरा डबा छोटा, त्याला आम्ही जेवणाचा डबा म्हणतो. परवा जे किडे पोपट्याला द्यायचे ते आज रात्री या डब्यात जातात.

त्यांच्या ताटात मुख्य शेवग्याचा पाला. कॅल्शियमनं भरलेला आणि रातकिड्यांना मनापासून आवडणारा. सोबत मेथी, कढीपत्ता, किसलेलं गाजर, लाल भोपळा, कधी पपईची फोड. पालक मुद्दाम नाही, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. कोरडं म्हणून थोडं ज्वारीचं पीठ, त्यात कॅल्शियमची पावडर मिसळून. कुत्र्या-मांजरांचं खाद्य किड्यांना घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. जास्तीच्या प्रथिनांनी शॅमेलिऑनला गाऊट, म्हणजे सांधे सुजवणारा आजार, होऊ शकतो. पाण्यासाठी उघडी वाटी नाही, ओला स्पंज. वाटीत पिल्लं बुडून मरतात.

रात्री अकराला दिवा मालवून टॉर्चनं पाहिलं तर शेवग्याच्या एकेका पानाला चार-चार किडे लागलेले असतात. कडेनं कुरतडत आत येतात. सकाळी डब्यात नुसत्या काड्या उरतात आणि किड्यांची पोटं ताणलेली. गाजर खाल्लेल्याचं पोट कातडीच्या सांध्यांतून केशरी दिसतं. मुलगा त्यावरून ओळखतो कोण जेवलं, कोण नाही.

पहिल्यांदा मी मेथीची जुडी निवडत बसले होते तेव्हा सासूबाई बाजूला येऊन बसल्या. मी सांगितलं कुणासाठी ते. त्या म्हणाल्या, "आते किडास्ले बी मेथी?" मी एक्स-रे आणून दाखवला, वाकलेल्या पायावर बोट ठेवलं. त्यांनी जुडी माझ्या हातातून घेतली आणि पानं खुडायला लागल्या.

त्याच मेथीनं पुढे मोठा फटका दिला. सप्टेंबरात बाजारातून आणलेली जुडी घाईत नुसती एकदा पाण्यातून काढून डब्यात टाकली. सकाळी जेवणाच्या डब्यातले चाळीसच्या चाळीस किडे पाय वर करून पडलेले होते. पोपट्याला त्यातला एकही दिला गेला नव्हता, एवढंच नशीब. फवारणीचाच परिणाम, दुसरं काही मला सुचत नाही. तेव्हापासून मेथी गच्चीवरच्या कुंड्यांत. शेतातले नाकतोडे पकडून आणायचेही मुलाला सक्त बंद केलंय. आपल्याकडच्या कपाशीवर किती आणि काय-काय मारलं जातं ते शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको. काजवा तर चुकूनही देऊ नये, त्याचं विष सरड्यांचा जीव घेतं.

नुसतं पोट भरून भागत नाही, कारण किड्याचं पोट ते केवढं. म्हणून देताना किडे डब्यात कॅल्शियमच्या पावडरीत हलकेच घोळवायचे. आणि हवी यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी ट्यूब. तिच्या प्रकाशात शरीर डी-३ जीवनसत्त्व तयार करतं, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. आमची ट्यूब भावानं वर्षापूर्वी घेतलेली होती. उजेड छान पडायचा, पण त्यातले उपयोगाचे किरण कमी झालेले. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही कामाचं नाही, काच ते किरण अडवते. न खाल्लेले किडे संध्याकाळी काढून घ्यायचे, ते रात्री झोपलेल्या पोपट्याला चावतात.

डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियमचं सिरप आणि हा सगळा क्रम, दोन्ही मिळून फरक पडायला दोन महिने लागले. आधी थरथर थांबली. मग दिवाळीच्या सुमारास एकदा मी बोट पुढे केलं, तो चढला, आणि उतरवताना मला पुन्हा एकेक बोट उचलावं लागलं. मी ओरडून मुलाला बोलावलं. दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाडांच्या कडा स्पष्ट आल्या. उजवं कोपर मात्र वाकडंच राहिलं, ते आता तसंच राहणार. त्याच्याकडे पाहिलं की मला केळ्याचा घड आठवतो.

मध्यंतरी ओळखीतल्या एका मुलानं सातपुड्याच्या पायथ्याहून घोयरा सरडा आणला, ताई सांभाळतील म्हणून. तो आपला देशी शॅमेलिऑन. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित, घरी ठेवता येत नाही. त्याच दिवशी वनविभागाला कळवून तो सोपवला.

उन्हाळा रातकिड्यांना जड गेला. तापमान पंचेचाळीसला टेकलं, डब्यात विष्ठेचा अमोनिया साठून उग्र वास यायचा आणि किडे पटापट मरायचे. डबा खालच्या खोलीत हलवला, झाकणाला मोठी जाळी लावली, आठवड्याऐवजी दर तीन दिवसांनी साफ केला, तेव्हा मरणं थांबलं.

शेवगा आमच्या दारात नाही. दर गुरुवारी चोपड्याहून येणाऱ्या एसटीत सासूबाई पिशवी देतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाला, देठ एका दिशेला. या गुरुवारी पाल्यासोबत वेगळी पुडी होती, शेवग्याच्या बियांची. कुंडी मोठी घ्या, असा निरोप आहे.