तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन लॅपटॉपवर अँटीव्हायरस कुठला टाकू?

जून-जुलै आला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या पोराचं डिप्लोमाला ॲडमिशन झालेलं असतं, कुणाच्या पोरीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला, वडील मुलांना घेऊन लॅपटॉप घ्यायला जातात आणि दुकानातूनच मला फोन करतात, "सर, हे म्हणत्यात अँटीव्हायरस बी घेऊन टाका, घेऊ का? आणि फायरवॉल वेगळी घ्यावी लागती काय?" सांगलीत विश्रामबागला बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास घेतोय, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दुकानाच्या गडबडीत दोन मिनिटांत नीट सांगून होत नाही, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

घरचा किंवा कॉलेजचा लॅपटॉप असेल आणि त्यात विंडोज ११ असेल तर काहीही विकत घेऊ नका. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आधीपासूनच असतो, फुकट असतो आणि आता चांगला आहे. पूर्वी तो कच्चा होता हे खरंय, त्या काळात मीच लोकांना दुसरा घ्यायला सांगायचो. पण जर्मनीतली एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज अशा लॅब सगळ्या अँटीव्हायरसांची परीक्षा घेत असतात, त्यांचे निकाल कुणालाही नेटवर बघता येतात आणि त्यात डिफेंडर गेली काही वर्षं पैसेवाल्यांच्या पंगतीत बसतोय.

फायरवॉलही आतच आहे, २००४ साली जुन्या विंडोज एक्सपीचं सर्व्हिस पॅक २ हे मोठं अपडेट आलं तेव्हापासून ती आपोआप चालू असते. फायरवॉल म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा समजा, आतला माणूस बाहेर जाऊ शकतो पण बाहेरचा अनोळखी आत येत नाही. स्टँडवर, हॉटेलात वायफाय जोडलं की त्याच्या सेटिंगमध्ये पब्लिक आणि प्रायव्हेट असे दोन पर्याय असतात, तिथं पब्लिकच ठेवायचं. घरच्या माणसाला याहून जास्त फायरवॉल लागत नाही.

आता नवीन लॅपटॉपमध्ये एक गोम असते. बऱ्याचदा कंपनीनंच कुठला तरी अँटीव्हायरस महिन्याच्या ट्रायलवर घालून दिलेला असतो. दुसरा अँटीव्हायरस आला की डिफेंडर बाजूला होतो, महिन्यानं ट्रायल संपते, मग रोज लाल खिडकी येते, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे म्हणून, आणि घाबरून माणूस पैसे भरतो. पैसे भरायचं नसेल तर सेटिंगमध्ये ॲप्समध्ये जाऊन तो सरळ अनइन्स्टॉल करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, डिफेंडर आपोआप पुन्हा कामाला लागतो. मग स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी टाईप करून उघडा आणि सगळीकडे हिरव्या खुणा आहेत का बघा. दोन अँटीव्हायरस एकत्र मात्र कधी ठेवू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन रडतं.

विकतच घ्यायचा असेल तर माझं वैर नाही. क्विक हील हा अँटीव्हायरस तर आपलाच म्हणायचा, कैलास आणि संजय काटकर हे भाऊ सातारा जिल्ह्यातले, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून वर आलेले, मला त्याचा अभिमान आहे. दहा-पंधरा मशीनचं ऑफिस असेल, एका जागेवरून सगळ्यांवर लक्ष ठेवायचं असेल तर घ्यावाच. आणि ज्यांचं अजून विंडोज १० आहे त्यांनी आधी ११ वर जायचं बघा, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. अपडेट किती महत्त्वाचं ते २०१७ ला दिसलं, वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं मे महिन्यात जगभरातले कॉम्प्युटर लॉक केले, आणि तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलेलं होतं.

पोरांचं खरं दुखणं क्रॅक आहे, म्हणजे पैशाचं सॉफ्टवेअर चोरून फुकट चालवायची फाईल. माझ्या क्लासमधल्या एका मुलानं ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं क्रॅक उतरवलं, मी ती झिप त्याच्यासमोरच उघडली, आत एक रीडमी फाईल, आणि तिच्यातली पहिलीच ओळ अशी की आधी अँटीव्हायरस बंद करा. म्हणजे चोर दारात उभा राहून सांगतोय कडी काढा, आणि आपण काढतो. असं असेल तर हजाराचा अँटीव्हायरस काय करणार! ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ते फुकट देते, कॉलेजचं ओळखपत्र लागतं बस्स. वर्ड-एक्सेलच्या कामाला फुकटचं लिब्रेऑफिस आहे. हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहितोय ते. अँटीव्हायरसचे वाचलेले पैसे बॅकअपच्या, म्हणजे फाईलींची जादा कॉपी ठेवायच्या, हार्ड डिस्कमध्ये घाला. मार्केट यार्डातले माझ्या ओळखीचे हळदीचे एक व्यापारी आहेत, सकाळी सकाळी त्यांचा फोन, हिशेबाचं टॅली उघडत नाही. जाऊन बघतो तर सगळ्या फाईलींच्या नावाला एक विचित्र शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर एक टेक्स्ट फाईल, पैसे द्या मग उघडून देतो. त्यांच्याकडे पैसे भरलेला अँटीव्हायरस होता, मुदतही शिल्लक होती. पण दिवाणजींना घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून हा कॉम्प्युटर चालवायची सोय, इंटरनेटवर उघडा ठेवलेला, पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३. चोर मालकासारखाच आत आला, अँटीव्हायरस बंद केला आणि निवांत काम उरकलं. बॅकअपची डिस्क होती, पण कायम मशीनलाच लावलेली, ती पण गेली. शेवटी मार्चमध्ये सीएंना दिलेल्या पेन ड्राईव्हवर जुना डेटा सापडला, पुढच्या पाच महिन्यांची बिलं दिवाणजींनी आणि मुलानं रात्री बसून हातानं भरली. (असं काही झालं, पैसे गेले, तर लगेच १९३० ला फोन करा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर.)

म्हणून डिस्क लावायची, कॉपी करायची, काढून ठेवायची. आणि एक कॉपी दुसऱ्या जागी पाहिजेच, हे सांगलीकरांना मी काय सांगू, २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा किती घरांतले लॅपटॉप आणि त्यांच्या शेजारी ठेवलेल्या डिस्का एकाच कपाटात बुडाल्या. त्या व्यापाऱ्यांनी आता दोन डिस्क केल्यात, एक दर शनिवारी कॉपी करून तिजोरीत जाते, दुसरी महिन्यातून एकदा मुलीकडे तासगावला.